कापूस आपला, कापड परके

ग्रंथसूची ही वरकरणी मोठी नीरस गोष्ट असते. ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठसंख्या, किंमत आणि चार ओळींचा परिचय, एवढाच तिचा ऐवज. तरीही समाज, राजकारण आणि संस्कृती या विषयांवरील एखाद्या पाश्चात्त्य विद्यापीठाच्या प्रकाशनांची सूची मराठी वाचकाने सावकाश चाळली, तर त्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. परक्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि तेथील भिंतीवर आपल्याच आजोबांची तसबीर दिसावी, तसा तो अनुभव असतो.

केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनांत १९८५ साली रोझलिंड ओ'हॅनलन यांचा महात्मा फुले आणि एकोणिसाव्या शतकातील जातिविरोधी चळवळ यांवरील ग्रंथ आढळतो. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठाने नील चार्ल्सवर्थ यांचा मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये तेथूनच राजनारायण चंदावरकर यांचा मुंबईचे गिरणीमालक आणि गिरणी कामगार यांवरील बृहद्ग्रंथ आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६२ मध्ये स्टॅन्ली वोल्पर्ट यांचा टिळक-गोखल्यांवरील, १९७५ मध्ये रिचर्ड कॅशमन यांचा लोकमान्यांच्या राजकारणावरील आणि २००९ मध्ये अनुपमा राव यांचा महाराष्ट्रातील दलित राजकारणावरील ग्रंथ काढला. कोलंबिया विद्यापीठाच्या सूचीत प्राची देशपांडे यांचा मराठी इतिहासलेखन व सामूहिक स्मृती यांवरील ग्रंथ (२००७) आहे. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचा नामदेवांवरील (२००८) आणि चक्रधर-ज्ञानदेवांच्या काळातील मराठीच्या उदयावरील (२०१६) असे दोन ग्रंथ तेथेच आहेत. प्रिन्स्टनने २००१ मध्ये थॉमस ब्लॉम हॅन्सन यांचे मुंबईच्या राजकारणावरील विवेचन छापले. स्टॅनफर्डने २०२२ मध्ये शैलजा पाईक यांचा तमाशा कलावंत स्त्रियांवरील ग्रंथ छापला. पुण्यात वाढलेल्या या विदुषीला २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिपचा सन्मान लाभला.

ही यादी सहज दुपटीने वाढवता येईल. या साऱ्या ग्रंथांचा विषय महाराष्ट्र होय. त्यांची साधनेही प्रायः मराठीच: बखरी, अभंग, पोथ्या, लावण्या, सत्यशोधकी जलसे, वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या फायली, पुराभिलेखागारातील दफ्तरे आणि गावोगावच्या माणसांनी दिलेल्या मुलाखती. परंतु ज्यांच्याविषयी हे लिहिले गेले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या हाती ते पडते. ग्रंथ इंग्रजीत असतो, त्याची परदेशी बांधीव आवृत्ती पुष्कळदा शंभर डॉलरच्या आसपास असते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन ग्रंथालयात तो शोधूनही सापडत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुने चित्र आठवल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरला जाई आणि तेथून कापड होऊन परत येई. पिकवणाऱ्याला ते कापड महाग पडे. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर ज्या निःसारणाचा हिशोब मांडला, त्याचे हे सर्वपरिचित अंग. ज्ञानाच्या व्यापारातही असेच काही घडत आहे काय, असा प्रश्न ही सूची वाचताना पडतो. प्रश्न भावनेच्या भरात सोडवण्यासारखा नाही. त्याचा हिशोब नीट मांडला पाहिजे.

विद्यापीठ छापखाना का काढते?

विद्यापीठाने स्वतःची प्रकाशनसंस्था चालवावी ही कल्पना युरोपात फार जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये पहिले पुस्तक १४७८ मध्ये छापले गेले. केंब्रिजला आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये छपाईचा अधिकार दिला आणि तेथील पहिले पुस्तक १५८४ मध्ये निघाले. अमेरिकेत ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे १८७८ पासूनचे प्रकाशनकार्य तेथे आजतागायत अखंड चालू आहे.

या संस्थांमागील तर्क साधा आहे. संशोधन करणे हे विद्यापीठाचे काम असेल, तर ते लोकांपर्यंत पोहोचवणे हाही त्याच कामाचा भाग ठरतो. सामान्य प्रकाशक बाजार पाहतो. तीनशे अभ्यासकांना उपयोगी पडेल असा ग्रंथ तो छापणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. विद्यापीठ मात्र ग्रंथाची योग्यता आधी पाहते आणि खप मागाहून. म्हणून हस्तलिखित आले की ते त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जाते. त्यांच्या आक्षेपांना लेखकाने उत्तरे द्यायची, दुरुस्त्या करायच्या. मग विद्यापीठातील प्राध्यापकांच्या मंडळाने अंतिम संमती द्यायची. या चाळणीत एखाद्या ग्रंथाची दोन-तीन वर्षे सहज जातात. वाचकाला अखेर जे मिळते, त्यात लेखकाबरोबरच या अनामिक परीक्षकांचे आणि संपादकांचेही श्रम असतात.

भारताचा या व्यवहाराशी संबंध शतकाहून अधिक जुना आहे. ऑक्सफर्डने आपली कचेरी मुंबईत १९१२ मध्ये उघडली. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ मध्ये ऑक्सफर्डनेच प्रसिद्ध केला, आणि पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ्यग्रंथासारखा वापरला. १९८२ पासून रणजित गुहांच्या संपादनाखाली निघालेल्या निम्नवर्गीय इतिहासाच्या खंडांनी तर इतिहासलेखनाची दिशाच बदलली. ते खंडही ऑक्सफर्डच्या दिल्ली शाखेने काढले होते. तेव्हा विद्यापीठीय प्रकाशन हा परकीयांचाच उद्योग आहे, असे समजण्याचे कारण नाही. येथील विद्वत्तेनेही त्याचा लाभ घेतला आहे.

किमतीचे अर्थशास्त्र

मग ग्रंथ इतका महाग का? सर्वसामान्य वाचकाला यात प्रकाशकाचा लोभ दिसतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. ग्रंथाच्या उत्पादनात पहिल्या प्रतीचा खर्च प्रचंड असतो आणि पुढच्या प्रत्येक प्रतीचा अत्यल्प. परीक्षण, संपादन, मुद्रितशोधन, सूची, नकाशे, परवानग्या हे सारे एकदाच करावे लागते. मग प्रती शंभर निघोत की दहा हजार. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या एका पाहणीत विद्यापीठीय संस्थांना एका संशोधनग्रंथामागे सरासरी ३० ते ५० हजार डॉलर खर्च येतो, असे आढळले. हा खर्च जर चारपाचशे प्रतींवर वाटायचा असेल, तर किंमत कोठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

गिऱ्हाईकही बदलले. पूर्वी अमेरिकेतील बहुतेक मोठी विद्यापीठीय ग्रंथालये असे ग्रंथ ठराविकपणे घेत. पुढे विज्ञान-नियतकालिकांच्या वर्गण्या भरमसाट वाढल्या, आणि ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकातील ग्रंथखरेदीचा वाटा त्या गिळून बसल्या. प्रती कमी खपू लागल्या म्हणून किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून प्रती आणखी कमी झाल्या. या दुष्टचक्रातून श्रीमंत विद्यापीठेही सुटलेली नाहीत. २०१९ मध्ये स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने आपल्या प्रकाशनसंस्थेने मागितलेले वर्षाला १७ लाख डॉलरचे साहाय्य नाकारण्याचे ठरवले होते. प्राध्यापकांनी आणि जगभरच्या अभ्यासकांनी निषेध केला, तेव्हा निर्णय मागे फिरला. ती संस्था त्या वर्षी खचली असती, तर तीन वर्षांनी तमाशा कलावंतांवरील तो ग्रंथ तिच्याकडून येणे कठीणच होते. संगमनेर-नारायणगावच्या फडांचा इतिहास कॅलिफोर्नियातील एका अंदाजपत्रकाशी असा जोडलेला असतो.

ज्या संस्था स्वतःच्या पायावर उभ्या आहेत, त्या शब्दकोश, शालेय पुस्तके, परीक्षा आणि पूर्वीच्या काळी बायबल यांच्या विक्रीतून. तेथे एका दालनातील नफ्याने दुसऱ्या दालनातील विद्वत्तेचे पोषण होते. ही रचना समजून घेतल्यावर किमतीबद्दलचा राग थोडा निवळतो, पण अडचण निवळत नाही. आठ-नऊ हजार रुपयांचा ग्रंथ तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाने घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. भारतीय प्रकाशकांशी सहकार्य करून निघणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांनी हे ओझे पुष्कळ हलके केले आहे. प्राची देशपांडे यांच्या ग्रंथाची अशी आवृत्ती निघालीही. परंतु प्रत्येक ग्रंथाच्या नशिबी ते नसते.

छायाप्रतींचा खटला

या अडचणीवर विद्यार्थ्यांनी आपल्यापुरता तोडगा केव्हाच काढला होता. महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे छायाप्रतींचे दुकान म्हणजे भारतीय उच्च शिक्षणाचे अघोषित ग्रंथालयच. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील अशा एका दुकानावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. अभ्यासक्रमाला लावलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विकत होते, आणि हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असे वादींचे म्हणणे होते.

या खटल्याचे वैशिष्ट्य असे की ज्यांच्या हक्कांचे रक्षण करण्यासाठी तो लढवला गेला, त्यांपैकीच अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. तीनशेहून अधिक प्राध्यापकांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील अध्यापनासाठी दिलेली सवलत वर्गापुरती संकुचित नाही, तसेच स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त वा ईश्वरदत्त अधिकार नसून कायद्याने दिलेला आणि कायद्यानेच मर्यादित केलेला अधिकार आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. डिसेंबर २०१६ मध्ये द्विसदस्य पीठाने हे तत्त्व कायम ठेवले, मात्र छापलेला मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता काय, एवढा मुद्दा तपासणीसाठी परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच सोडून दिला.

निकाल स्वागतार्ह होता. पण त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्याला इंग्रजी वाचता येते, त्याला प्रकरणाची प्रत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्याचे सारे शिक्षण मराठीतून झाले आणि पदव्युत्तर परीक्षेची उत्तरेही जो मराठीतूनच लिहितो, त्याच्यासाठी छायाप्रतीचे यंत्र निरुपयोगी आहे. ते पानाची नक्कल करील. पानाची भाषा बदलणार नाही. महाराष्ट्रातील मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने याच वर्गात मोडतात, आणि त्यांच्या हाती अखेर बाजारातली मार्गदर्शक पुस्तकेच येतात.

दुष्काळाचे एक उदाहरण

या विसंगतीची धार एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. १९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या, नालाबांध आणि पाझर तलाव खोदणाऱ्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगातून वि. स. पागे यांनी जी कल्पना मांडली होती, तिला या आपत्तीत राज्यव्यापी रूप आले, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हीच पूर्वपीठिका होती.

या अनुभवाचे सैद्धांतिक महत्त्व जगाला कोठे कळले? अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात, दुष्काळात माणसे मरतात ती केवळ धान्य नसल्याने नव्हे, तर ते मिळवण्याची शक्ती हातातून गेल्याने, हे बंगालच्या १९४३ च्या उदाहरणाने दाखवले होते. १९८९ मध्ये ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी भुकेच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राचा दुष्काळ हे याच सूत्राचे दुसरे अंग म्हणून आले: मजुरीच्या रूपाने क्रयशक्ती हाती ठेवली, तर पिके बुडूनही मोठी जीवितहानी टळते. दोन्ही ग्रंथ ऑक्सफर्डचे. जगभरच्या विद्यापीठांत दुष्काळ-निवारणाचा विचार करताना महाराष्ट्राचे उदाहरण यामुळे दिले जाते.

आता बीड किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीचा विचार करावा. तिच्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली असते. सुकडीची आणि मिलोच्या भाकरीची हकीकत तिने घरात ऐकलेली असते. आजीच्या त्या घामातून अर्थशास्त्राला एक नवा सिद्धांत पडताळून पाहता आला, हे मात्र तिला कोणी सांगत नाही. तिच्या पुस्तकात रोजगार हमी योजनेची पाच वैशिष्ट्ये आणि पाच दोष क्रमांक घालून दिलेले असतात. घरातली स्मृती आणि जगातला सिद्धांत यांच्यामधला पूल तिच्या भाषेत कोणी बांधलेलाच नसतो. गमावले जाते ते हे, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

उपमेची मर्यादा

तथापि कापसाची उपमा एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. मँचेस्टरला गेलेली गाठ परत येत नसे. अभंगाचा किंवा दफ्तराचा अभ्यास परदेशी झाला म्हणून तो अभंग वा ते दफ्तर येथून नाहीसे होत नाही. ज्ञान वाटल्याने कमी होत नसल्याने येथे निःसारणाचा सिद्धांत शब्दशः लागू पडणार नाही. शिवाय परक्या नजरेला कधी कधी असे प्रश्न सुचतात, जे घरच्यांना अतिपरिचयामुळे सुचत नाहीत. वर ज्यांची नावे आली, त्यांपैकी कित्येक अभ्यासकांनी मराठी शिकण्यासाठी वर्षे घालवली आहेत. त्यांच्या श्रमांविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे.

दुसरे असे की कच्च्या मालाची निगा जेथे महाराष्ट्राने स्वतः राखली, तेथे त्याचा लाभ सर्वांनाच झाला. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड शासनाने काढले. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीला विकल्या गेलेल्या या पुस्तकांनी वस्तीवस्तीत घर केले, आणि फुले-आंबेडकरांवर पुढे जगभर जे लिहिले गेले, त्याचा मोठा आधारही हीच पुस्तके झाली. सरकारी प्रकाशनाने विद्यापीठीय प्रकाशनाचे काम केल्याचे हे ठळक उदाहरण होय. त्याच खंडांची छपाई रखडल्याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, ही त्याच कथेची दुसरी बाजू. मागणी अफाट आणि पुरवठा ठप्प, असा प्रकार बाजारात क्वचितच दिसतो. सरकारी गोदामात तो दिसतो.

उलट दिशेचा प्रवासही अशक्य नाही. रा. चिं. ढेरे यांचा श्रीविठ्ठलावरील ग्रंथ १९८४ मध्ये मराठीत निघाला, १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०११ मध्ये ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने प्रकाशित केला. विद्यापीठातील कोणत्याही अध्यासनाचा आधार नसलेल्या एका मराठी संशोधकाचा ग्रंथ जागतिक विद्वत्तेच्या चर्चेत मानाने बसला. मराठीत पक्का माल तयार होऊ शकत नाही, हा न्यूनगंड ढेरे यांच्यासारख्यांनी खोटा ठरवला आहे.

न वाचलेल्या पुस्तकाची किंमत

ज्ञानाचा हा पूल नसल्याची किंमत केवळ परीक्षार्थीच मोजत नाहीत, सारा समाज मोजतो. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांविषयीचे पुस्तक ऑक्सफर्डने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एका अनुदार, ऐकीव उल्लेखाने महाराष्ट्राचे मन दुखावले. पुण्यातील इतिहास-अभ्यासकांनी सनदशीर मार्गाने आक्षेप नोंदवला, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने भारतातील विक्री थांबवली. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ज्या संस्थेने ते पुस्तक छापले नव्हते वा लिहिले नव्हते, तिच्या पोथ्या आणि ग्रंथ विस्कटले गेले. पुढे राज्य शासनाने घातलेली बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला.

या प्रकरणात प्रकाशकाच्या परीक्षणव्यवस्थेची ढिलाई दिसली, हे मान्य केलेच पाहिजे. मराठी समाजाची जाण असलेल्या परीक्षकाने ते वाक्य सहसा सुटू दिले नसते. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी त्या पुस्तकाविषयी मत दिले, त्यांतील बहुसंख्यांनी ते पाहिलेलेही नव्हते. ज्या समाजात स्वतःविषयीचे ग्रंथ वाचण्याची, त्यांतील चुका पुराव्याने खोडून काढण्याची आणि योग्य तेथे त्यांना दाद देण्याची सोय नसते, तेथे ग्रंथाविषयीची वदंता ग्रंथाच्या आधी पोहोचते. त्या वदंतेला उत्तर देणारी परीक्षणे मराठीत वेळेवर आली असती, तर वाद टळला असता असे नव्हे. तो लेखणीपुरता राहण्याची शक्यता मात्र वाढली असती.

करण्यासारखे काय?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६००० कोटी रुपये खर्चून शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिके उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. तिचा हेतू चांगला आहे. परंतु ती नियतकालिकांची आहे, ग्रंथांची नव्हे. आणि तिची भाषा इंग्रजी आहे. काही विद्यापीठीय संस्था आपले निवडक ग्रंथ संगणकावर विनामूल्य वाचावयास देऊ लागल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ मध्ये अशी मालिका सुरू केली. या ग्रंथांची माहितीही आपल्या बहुतेक महाविद्यालयांत पोहोचलेली नाही. ग्रंथपालांनी अशा ग्रंथांची विषयवार यादी सूचनाफलकावर लावली, तरी एक पैसा न खर्चता पुष्कळ साधेल.

भाषेचा प्रश्न मात्र पैशाविना आणि योजनेविना सुटणार नाही. १९६८ नंतर केंद्राने प्रत्येक राज्याला आपल्या भाषेत विद्यापीठीय ग्रंथ निर्माण करण्यासाठी एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले होते. त्यातूनच नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले आणि त्याने अनेक विषयांवरील ग्रंथ मराठीत आणले. तो जोम पुढे टिकला नाही. ग्रंथ निघाले, पण त्यांना नव्या आवृत्त्या नाहीत, वितरण नाही, आणि विद्यापीठांनी ते अभ्यासक्रमात लावण्याचा आग्रहही धरला नाही. त्या अपयशातून घ्यायचा धडा असा की केवळ छापून भागत नाही. ग्रंथ घेणारी यंत्रणाही आधी हाताशी असावी लागते.

ती यंत्रणा महाराष्ट्राकडे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या छत्राखाली राज्यात अकरा हजारांहून अधिक अनुदानित ग्रंथालये आहेत. अनुदान तुटपुंजे आहे, सेवकांचे वेतन लाजिरवाणे आहे, हे सारे खरे. तरी त्यांतील दहांपैकी एका ग्रंथालयाने एखाद्या अनुवादित ग्रंथाची एक प्रत घ्यायची म्हटली, तरी अकराशे प्रती जातात. अमेरिकेतील नामवंत विद्यापीठाच्या संशोधनग्रंथाला एवढा खप आज सहसा मिळत नाही. म्हणजे ज्या बाजाराच्या अभावी तेथील प्रकाशक हताश होतात, तो बाजार येथे तालुक्या-तालुक्यात पसरलेला आहे. वर्षाला दहा ग्रंथ निवडावेत. जाणकारांकडून ते नीट भाषांतरित करून घ्यावेत. अनुवादकाला त्याच्या श्रमांचे योग्य मोल द्यावे. प्रत्येक ग्रंथाला मराठी अभ्यासकाची चिकित्सक प्रस्तावना असावी, जीत मूळ ग्रंथाशी मतभेदही मांडलेले असतील. आणि शासनमान्य ग्रंथांच्या यादीत त्याला हक्काचे स्थान मिळावे. दहा वर्षांत शंभर ग्रंथ होतात. एका पिढीची वैचारिक शिदोरी म्हणून ते थोडे नव्हेत.

हे काम कोणी करावे? विद्यापीठांनी. अनुवादाला संशोधनाचा दर्जा न देणारी गुणांकन-पद्धती त्यांना आधी बदलावी लागेल. कारण चारशे पानांच्या गंभीर ग्रंथाच्या अनुवादापेक्षा कोणत्याही अनियतकालिकात छापलेल्या चार पानांच्या निबंधावर अध्यापकाची बढती अधिक लवकर होत असेल, तर अनुवाद करण्याचा वेडेपणा कोण करील? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त समारंभ झाले, आणि व्हावेतही. पण भाषेची प्रतिष्ठा तिच्या प्राचीनतेइतकीच, त्या भाषेतून आज काय शिकता येते यावर अवलंबून असते.

विद्यापीठीय ग्रंथसूचीच्या शेवटी बहुधा एक लहानशी ओळ असते: अनुवादाच्या हक्कांसाठी कोणाशी पत्रव्यवहार करावा, त्याचा पत्ता. सूची चाळणारे सहसा ती ओळ वाचत नाहीत. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने त्या पत्त्यावर या वर्षी एक पत्र जरी धाडले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.